डबीच्या पाठीवरची यादी

नरकचतुर्दशीला आठ-दहा दिवस उरले की आमच्या घरात देवघराशेजारच्या फडताळातून एक चिठ्ठी बाहेर निघते. ती माझ्या सासूबाईंच्या हातची. घड्यांवर झिजली आहे, हळदीच्या बोटांनी पिवळी पडली आहे. पण अजून वाचता येते. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गव्हला, आंबेहळद, गुलाबकळी, संत्र्याची वाळलेली साल, मसुरीचे पीठ, आणि प्रत्येकापुढे तोळ्यांत वजन. ही चिठ्ठी घेऊन रविवार पेठेतील काष्ठौषधींच्या दुकानात जायचे, एकेक जिन्नस नाकाशी धरून पारखून घ्यायचा आणि घरी आणून कुटायचा, चाळायचा, असा क्रम. सासूबाई तीन इयत्ता शिकलेल्या. पण या यादीतील प्रत्येक जिनसाचे काम त्यांना ठाऊक होते. मसुरीचे पीठ अंगावरचे तेल ओढून घेते, संत्र्याची साल खरखरीत म्हणून मळ निघतो, वाळा आणि नागरमोथा वासासाठी. आणि आंबेहळद? तिचे वजन चिठ्ठीत सर्वांत कमी. एकदा मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ती आपली शास्त्रापुरती." इतका प्रामाणिक शेरा मी त्यानंतर सौंदर्यप्रसाधनांच्या कुठल्याही जाहिरातीत वाचलेला नाही.

वाचकहो, वर्षभर या सदरात आपण कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, चिंचेने पितळ का उजळते, अशा गोष्टी पाहिल्या. दिवाळी अंकासाठी संपादकांनी 'काहीतरी सणासुदीचे, हलकेफुलके लिहा' अशी सूचना केली, म्हणून मी उटण्यावर लिहायचे ठरवले होते. पण चिठ्ठी काढली त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या धाकट्या जाऊबाई लेकीला घेऊन आल्या आणि लेखाचा बेतच बदलला.

पुतणी सव्वीस वर्षांची. बँकेत नोकरीला आहे, मार्गशीर्षात तिचे लग्न आहे. एरवी दारातूनच "काकू, चकल्या झाल्या का?" अशी आरोळी ठोकणारी ही मुलगी त्या दिवशी ओढणी गालांवरून घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. ओढणी बाजूला करायला लावली तर गाल लालभडक, त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, हनुवटीवर पुटकुळ्या आणि कानशिलापाशी बारीक लव. गॅसजवळ उभे राहिले तरी चेहऱ्याची आग होते म्हणाली.

"काय लावत होतीस?" मी विचारले.

तिने पर्समधून एक लहानशी पांढरी डबी काढून दिली. झाकणावर कमळाचे चित्र चिकटवलेले. मी डबी उलटी करून पाहिली, कडेने फिरवून पाहिली. ना बनवणाऱ्याचे नाव, ना तारीख, ना आत काय आहे त्याचा एक शब्द. पार्लरमध्ये 'फॉर्म्युला क्रीम' म्हणून मिळते आणि आठ दिवसांत रंग उजळतो, एवढीच तिची ओळख. सात महिने ती रोज रात्री चेहऱ्याला चोळली जात होती.

मला राग आवरला नाही. म्हटले, "अगं, नागरमोथ्यात काडी निघाली तर दुकानदाराशी भांडणारी तू! यात काय आहे एवढं तरी विचारायचंस."

ती शांतपणे म्हणाली, "काकू, ज्यांच्यावर नावं छापलेली असतात ती तरी कुठे वाचता येतात? विचारून मला काय कळणार होतं?"

या वाक्याने मी गप्प झाले. सारी उमेद मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले. पण घरातल्या मुलीला डबीच्या पाठीवरची यादी वाचायला शिकवले नाही. तेव्हा यंदा उटणे राहू द्या. घरातली कुठलीही क्रीमची डबी घ्या, चष्मा लावा आणि ती उलटी करा.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांबाबत २०२० चे केंद्रीय नियम आहेत. त्यांप्रमाणे घटकांची यादी छापावी लागते आणि तिला एक क्रम असतो. एक टक्क्याहून अधिक असलेले जिन्नस उतरत्या क्रमाने, म्हणजे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यामागून, वाटेल तसे. तीस ग्रॅमपेक्षा लहान डबीला आणि साठ मिलिलिटरपेक्षा लहान बाटलीला या यादीतून सूट आहे. लक्षात घ्या, सूट यादीपुरती आहे. माल कोणी बनवला ते सांगण्यातून कोणाची सुटका नाही.

आता ती एक टक्क्याची रेघ यादीत काही आखलेली नसते. पण ओळखायची एक खूण आहे. 'फिनॉक्सीइथॅनॉल' हा शब्द शोधा. क्रीम नासू नये म्हणून घालतात ते हे द्रव्य, आणि युरोपच्या नियमांत त्याची मर्यादाच एक टक्का आहे. त्याच्या मागे जे जे आले ते बहुधा एक टक्क्याच्या आतले. डबीच्या दर्शनी बाजूला केशराचा सोनेरी तुरा आणि चंदनाचे खोड रंगवलेले असते. पाठीवर पाहावे तर केशर आणि चंदन फिनॉक्सीइथॅनॉलच्या मागे, शेवटच्या रांगेत अंग चोरून उभे. सासूबाईंच्या भाषेत, शास्त्रापुरते. फरक इतकाच की त्यांनी आंबेहळदीचे दाम आंबेहळदीइतकेच दिले होते.

यादीतले पहिले नाव बहुतेक सर्व डब्यांवर एकच असते, 'अ‍ॅक्वा'. त्याला भिऊ नका. लॅटिनमध्ये पाण्याला ते नाव आहे. शंभर रुपयांची क्रीम असो की हजाराची, तिच्यात सर्वांत जास्त असते ते आपल्या नळाला येते तेच, फक्त शुद्ध केलेले. त्याच्यामागून ग्लिसरीन, मग एखादे तेल किंवा मेण, मग तेल-पाण्याचा संसार मोडू नये म्हणून मध्यस्थी करणारी साबणाच्या जातीची द्रव्ये. या पहिल्या पाच-सहा नावांतच क्रीमचे खरे काम संपलेले असते. ते कसे, हे समजायला आधी कातडीचे घर पाहू.

आपल्या कातडीचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. वीटबांधकामासारखी त्याची रचना: चपट्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. ही भिंत बाहेरचे आत येऊ देत नाही आणि आतले पाणी बाहेर उडू देत नाही. कागदापेक्षा पातळ अशी ही भिंत, पण सारा भार तिच्यावर. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली, त्यात कढत पाणी आणि साबण यांनी चुना धुऊन निघाला, की फटींतून पाणी उडते; मग हात खरखरीत होतात, ओठ फुटतात. क्रीमने दोन गोष्टी करायच्या. पाणी धरून ठेवायचे आणि फटी बुजवायच्या.

पाणी धरून ठेवणारा जुना गडी म्हणजे ग्लिसरीन. शील नावाच्या स्वीडिश रसायनज्ञाने १७७९ साली ऑलिव्हचे तेल शिशाच्या भस्माबरोबर तापवताना ते मिळवले. चव गोड लागली म्हणून त्याची नोंद केली. साबणाच्या कारखान्यात ते आपोआपच निघते, म्हणून स्वस्त. अलीकडे जाहिरातींत फार गाजणारे हायल्युरॉनिक आम्ल हेही याच कामाचे. १९३४ साली ते गुरांच्या डोळ्यातील काचेसारख्या द्रवात सापडले, आणि काचेला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून नाव पडले. चांगले आहे ते. पण वरच्या थरात पाणी धरण्याचे काम ग्लिसरीन मुकाट्याने करीत आले आहे, आणि त्याला कोणी लहान काचेच्या बाटलीत थेंबथेंब विकत नाही. आपल्याकडे थंडीत ग्लिसरीन आणि गुलाबपाणी मिसळून लावण्याची जुनी पद्धत आहे, तिच्यात शास्त्र आहे. ग्लिसरीन नुसते लावू नये, पाण्यात मिसळून लावावे, हेही त्या पद्धतीने बरोबर ओळखले होते.

फटी बुजवणाऱ्यांत पहिला नंबर पेट्रोलियम जेलीचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांना एक चिकट मेण साचत असे आणि तिथले मजूर ते कापल्या-भाजल्यावर लावीत. चेसब्रो नावाच्या तरुणाने ते पाहिले, शुद्ध केले आणि १८७२ साली व्हॅसलीन या नावाने त्याचे पेटंट घेतले. कातडीतून उडणारे पाणी थोपवण्यात या बिनवासाच्या, बिनरंगाच्या पदार्थाला मागे टाकणारे फारसे काही निघालेले नाही. 'ते तर खनिज तेलातले' म्हणून नाक मुरडणाऱ्या बायका मला भेटतात. शुद्ध केलेली जेली तान्ह्या मुलाच्या अंगालाही चालते. नाक मुरडायचे तर वासासाठी घातलेल्या द्रव्यांकडे पाहून मुरडावे. आणि क्रीम कुठलीही असो, ती आंघोळीनंतर अंग पुरते कोरडे होण्याआधी, ओलसर असतानाच लावावी. पाणी असेल तरच ते कोंडता येईल.

जुन्या वाचकांना 'स्नो' आठवत असेल. माझ्या आईच्या फणेरपेटीत अफगाण स्नोची बाटली असे. मुंबईच्या पाटणवालांनी १९१९ च्या सुमारास काढलेली ही क्रीम लावली की क्षणात दिसेनाशी होई, म्हणून आम्हा मुलींना ती जादू वाटे. पुढे कळले की अशा क्रीममध्ये स्टिअरिक आम्ल असते, चरबी आणि तेलांतून निघणारे. त्याचा थोडा भाग अल्कलीने साबण झालेला असतो. पाणी उडून गेले की मागे एक अतिपातळ पांढुरका थर उरतो. आई 'उजळ' दिसे ती त्या थराने. तोंड धुतले की आई पुन्हा आपली आई.

साबणाचे थोडक्यात सांगते. वेष्टनावर 'टी.एफ.एम.' आणि एक आकडा असतो. तो साबणातील स्निग्धांशाचा. आंघोळीच्या साबणाला भारतीय मानकाप्रमाणे ७६ टक्के असेल तर पहिला दर्जा, ७० ला दुसरा, ६० ला तिसरा. 'बेदिंग बार' असे लिहिले असेल तर ४० वरही भागते. पण कितीही उत्तम साबण झाला तरी तो अल्कलीच्या बाजूचा आणि कातडी किंचित आम्लाच्या बाजूची. तेव्हा चेहऱ्याला दिवसातून पाच वेळा साबण लावणाऱ्यांनी मग क्रीमला दोष देऊ नये.

आता यादीतली जरा भारदस्त नावे घेऊ. ही मंडळी खरोखर काही करतात, मात्र पुरेशा प्रमाणात असतील आणि दोन-तीन महिने नेमाने लावली तर. नायसिनामाइड हे ब जीवनसत्त्वापैकी एक, तिसऱ्या क्रमांकाचे. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी रंगाच्या बारीक पुरचुंड्या बांधून शेजारच्या पेशींना देतात. ही देवघेव ते थोडी मंदावते आणि भिंतीचा चुनाही सुधारते. चार-पाच टक्के असले तर डाग फिके होतात. १९७५ पासून घरोघरी पोचलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द २०२० साली गेला आणि त्या जागी 'ग्लो' आला. पाठीवरच्या यादीत नायसिनामाइड पूर्वीही होते. क जीवनसत्त्व गुणी, पण नाजूक: हवेने आणि उजेडाने बिघडते. बाटलीतले द्रावण तपकिरी झाले की ते टाकून द्यावे, मग ते कितीही किमतीचे असो. सॅलिसिलिक आम्ल तेलात मिसळते म्हणून तेलकट रंध्रांत शिरून मुरुमांवर काम करते. लॅक्टिक आम्ल आपल्या ताकात असते आणि ग्लायकोलिक उसात. मेलेल्या पेशींची पकड सैल करणे हे त्यांचे काम. म्हणून ही आम्ले लावणाऱ्याने उन्हाला जपावे लागते. अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातले रेटिनॉल सुरकुत्यांवर आणि मुरुमांवर उपयोगी आहे खरे. परंतु ते आणि त्याच्या नात्यातली कोणतीही द्रव्ये गरोदरपणी लावू नयेत. नव्याने लग्न झालेल्या मुलींनी हे वाक्य दोनदा वाचावे.

"इतकी केमिकल्स! त्यापेक्षा आपलं घरचं बरं," असे आमच्या वाड्यातल्या एक वहिनी नेहमी म्हणतात. पाणी हेही केमिकलच, हा माझा जुना वाद मी आता घालत नाही. पण याच वहिनींनी उन्हाळ्यात चेहऱ्याला लिंबू चोळले आणि तशाच उन्हात पापड वाळत घालायला गच्चीवर गेल्या. गालावर भाजल्यासारखे काळे ओघळ उमटले ते दोन महिने गेले नाहीत. लिंबाच्या सालीतल्या काही द्रव्यांवर ऊन पडले की असे भाजते. आणि कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. टिकलीमागच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल असले तर ते रंग करणाऱ्या पेशींनाच मारते. टिकलीच्या पाकिटावर यादी कुठली असायला? खाज सुटली की ती टिकली बंद करावी, कुंकू बदलून पाहावे.

पॅराबेनांची गोष्टही सांगण्याजोगी आहे. क्रीममध्ये पाणी आहे म्हणजे बुरशी आली. तिला रोखायला काहीतरी घालावेच लागते. पॅराबेन हे काम अनेक दशके करीत होते. २००४ साली इंग्लंडमधील एका संशोधनात स्तनाच्या गाठींत पॅराबेनांचा अंश सापडला आणि मोठी ओरड झाली. ते सापडले एवढेच त्यात होते. त्यांच्यामुळे गाठ झाली असे नव्हते. पण 'पॅराबेन-फ्री' ही अक्षरे माल खपवू लागली, आणि पुष्कळांनी त्या जागी मिथाइल-आयसोथायाझोलिनोन घातले. त्याने इतक्या लोकांच्या अंगावर पुरळ उठवले की अमेरिकेतील त्वचा-अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला त्या वर्षीचे मुख्य अ‍ॅलर्जीकारक ठरवले. त्याच संस्थेने २०१९ साली पॅराबेनांना गमतीने 'अ‍ॅलर्जी न करणारे' म्हणून मान दिला. दर्शनी बाजूला 'अमुक नाही' असे लिहिलेले दिसले की मी आता पाठीवर 'मग काय आहे?' ते पाहते.

'पर्फ्यूम' हा शब्द तेवढा ध्यानात ठेवा. त्या एका शब्दाखाली डझनावारी द्रव्ये मावतात. ज्यांची कातडी चटकन चिडते त्यांनी तो शब्द नसलेली डबी घ्यावी. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून पाहावी, हे तर सर्वांनीच.

आणि उन्हाची क्रीम. डाग, वांग, सुरकुत्या यांवर जी काही द्रव्ये मी वर सांगितली, त्यांचे काम ऊन रोज उलटे फिरवते. यादीत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड पाहा, किंवा लांबलचक नावांची किरण शोषणारी द्रव्ये. 'एसपीएफ' ३० असेल तर भाजणाऱ्या किरणांपैकी ९७ टक्के अडतात, ५० असेल तर ९८; तेव्हा मोठ्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही. पण ही मोजणी जाडसर थराची आहे. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढावी, इतकी क्रीम लागते. आपण लावतो वाटाण्याएवढी. वांग असलेल्यांनी लोह-ऑक्साइड असलेली, म्हणजे कातडीच्या रंगाची क्रीम पाहावी, कारण आपल्या सावळ्या कातडीवर डोळ्यांना दिसणारा उजेडही वांग वाढवतो आणि तो लोह-ऑक्साइडने अडतो.

इथपर्यंत जी नावे आली ती फार तर पैसे वाया घालवतील किंवा पुरळ उठवतील. पुतणीच्या डबीत जे होते ते निराळ्या जातीचे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी डबी उघडलीही नाही. चेहरा पाहून म्हणाले, "हे स्टिरॉइड आहे. महिन्याला असे कितीतरी चेहरे मी पाहतो." बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही ती नावे. इसब किंवा तशा रोगांवर, थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही उत्तम औषधे आहेत. चेहऱ्याला लावली तर पहिले काही आठवडे फार गोड असतात: रक्तवाहिन्या आकसतात, सूज आणि पुटकुळ्या बसतात, रंग फिका होतो, सगळे "काय गं, उजळलीस!" म्हणतात. मग हळूहळू भिंत पातळ होते, खालच्या शिरा दिसू लागतात, लव येते. आणि बंद करावे तर चेहऱ्याची अशी आग उठते की बाई धावत पुन्हा त्याच डबीकडे जाते. दारूसारखेच ते. याच स्टिरॉइडाबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन मिसळलेल्या ट्यूबा वांगावर औषध म्हणून असतात आणि लोक त्या रोजची क्रीम म्हणून वर्षानुवर्षे लावतात. हायड्रोक्विनोन फार काळ लावले तर ज्या डागासाठी लावले तोच निळसर-काळा होऊन बसतो. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये घातली. चिठ्ठीवाचून ती विकायची नाहीत. ट्यूबच्या डाव्या कोपऱ्यात 'आर-एक्स' ही खूण दिसली तर ती क्रीम नव्हे, औषध आहे. बिननावाच्या डबीला मात्र कोपराच नसतो.

डॉक्टरांनी लघवीची तपासणीही लिहून दिली. जाऊबाई चमकल्या. "चेहऱ्याचा नि लघवीचा काय संबंध?"

संबंध पाऱ्याचा. पाऱ्याचे क्षार रंगद्रव्य तयार होऊ देत नाहीत, म्हणून गोरे करणाऱ्या बेनामी क्रीममध्ये ते घालतात. पण पारा वरच राहत नाही, आत मुरतो आणि मूत्रपिंडे धरतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथे डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात आलेल्या मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रोग्यांची पाहणी केली. त्यांतल्या १५ जणांत एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम लावीत असल्याचे सांगितले. त्यांच्या लघवीतून प्रथिने जात होती. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडला, हे त्यातले सुदैव. आपल्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा चुकून आला तरी दहा लाखांत एक भाग, याहून अधिक चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली एक खूण बायकांनी पदराला गाठ मारून ठेवावी: सोने, चांदी, दागिने यांना लागू देऊ नका, असे क्रीमवर लिहिले असेल किंवा विकणारीने बजावले असेल, तर पाऱ्याचा संशय घ्यावा. मर्क्युरस, मर्क्युरिक, कॅलोमेल ही त्याची छापील नावे. आणि तो लावणारीपुरता राहत नाही. त्याची वाफ घरभर होते, टॉवेलातून, उशीतून कडेवरच्या मुलालाही पोचते.

दोन दिवस आम्ही निकालाची वाट पाहिली. त्या दोन दिवसांत घरात फराळाला कोणी हात लावला नाही. लघवीत प्रथिने नव्हती. डबी डॉक्टरांनीच ठेवून घेतली.

त्या संध्याकाळी जाऊबाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, तिनं नाही आणली ती डबी. मीच आणून दिली. बघायला आलेल्या एकांनी फोनवर विचारलं होतं, फोटोत जरा उजळ वाटली होती का हो म्हणून."

मी त्यांना काय बोलणार? मुलगी बारा दिवसांची असताना बारशाला मीच सगळ्यांदेखत म्हटले होते, "सावळी असली तरी नाकी-डोळी नीटस आहे हो." गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या कातडीत रंग करणाऱ्या पेशी जवळजवळ सारख्याच संख्येने असतात, हे मी त्याच वर्षी वर्गात शिकवीत होते. तरीही तो 'तरी' माझ्या तोंडून गेला होता. पुतणीने तो किती वेळा ऐकला असेल कोण जाणे. आमच्या घरात तो वाक्प्रचारच होता.

डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आता सासूबाईंच्या चिठ्ठीशेजारी फडताळात आहे. त्यावर मोजकीच नावे: सौम्य फेसवॉश, बिनवासाची साधी क्रीम, झिंक ऑक्साइडची उन्हाची क्रीम, आणि जळजळ कमी होण्यासाठी एक औषध. स्टिरॉइड एकदम तोडायचे की हळूहळू, हे ज्याचे त्याने ठरवायचे नसते. तेही त्यांनी तारखांसह लिहून दिले आहे. पूर्ववत व्हायला काही महिने लागतील म्हणाले. लग्न पुढे ढकलायचे का, असे जाऊबाईंनी विचारून पाहिले. पुतणी नाही म्हणाली. तिने मुलाला ओढणी न घेता भेटून सगळे सांगितले, असे मला नंतर कळले.

काल मी रविवार पेठेत जाऊन उटण्याचे सामान आणले. आंबेहळद नेहमीइतकीच. सकाळी पुतणी आली, दारातच परातीत वाळत घातलेल्या सालींपाशी बसली आणि तिने एकेक जिन्नस उचलून "हे कशाला, हे कशाला" असे विचारायला सुरुवात केली. मी सांगत गेले. पहिल्या आंघोळीला तिचे माहेरचे हे शेवटचे अभ्यंग. हातापायांना तेल लागेल, पाठीला उटणे लागेल. चेहऱ्याला मात्र यंदा कोमट पाण्याखेरीज कोणी काही लावायचे नाही, असे तिच्या आईने आम्हा सगळ्यांना आत्ताच बजावून ठेवले आहे.